लकब, खोड आणि शेऱ्याचा रकाना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिक अधिकाराने लिहू शकतील असे अनेक जण या अंकात आहेत. म्हणून आम्ही एका शब्दाविषयी लिहावयाचे ठरविले. निमित्त वर्गातलेच आहे. इंग्रजीचे शिक्षक रजेवर होते आणि तो तास आमच्या वाट्यास आला. उतारा वाचताना एका मुलीला एक शब्द अडला: इडिओसिंक्रसी. एखाद्या माणसाचे जे खास त्याचेच वागणे असते, इतरांहून निराळे, त्याला इंग्रजीत असे म्हणतात, एवढे सांगून आम्ही वर्गालाच विचारले, की मराठीत याला काय म्हणाल? एकाच वर्गातून चार उत्तरे आली. सवय, खोड, लकब. आणि मागच्या बाकावरून, दबक्या आवाजात, येडेपणा. वर्ग हसला, आम्हीही हसलो. तास संपला, पण ती चार उत्तरे काही डोक्यातून गेली नाहीत. एकाच गोष्टीला चार नावे, आणि कोणते नाव कोणाच्या वाट्याला येते, यात आमच्या समाजाचा बराच इतिहास दडलेला आहे, असे आम्हांस वाटू लागले.

त्या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक. इडिओस म्हणजे स्वतःचे, सिन म्हणजे एकत्र, क्रासिस म्हणजे मिश्रण. शरीरात चार रस असतात आणि प्रत्येकाच्या शरीरात त्यांचे मिश्रण निराळे असते, अशी ग्रीक वैद्यांची समजूत होती. आपल्याकडे वात, पित्त, कफ यांवरून वैद्य प्रकृती ठरवितात, त्याच तऱ्हेचा हा विचार. शब्द वैद्यकातून निघाला आणि हळूहळू माणसाच्या वागण्याला चिकटला. आजही एखादे औषध हजारांत एखाद्यालाच बाधते तेव्हा डॉक्टर मंडळी हाच शब्द वापरतात.

आमची लकब मात्र दवाखान्यातून नव्हे, दरबारातून आली. मूळ अरबी शब्द लकब. अरबी रीतीप्रमाणे माणसाच्या नावाचे अनेक भाग असत: त्याचे स्वतःचे नाव, अमक्याचा बाप, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा किंवा कुळाचा, आणि या सर्वांवर लकब, म्हणजे लोकांनी किंवा दरबाराने बहाल केलेले विशेषण. खलिफा हारून याची ‘अल-रशीद’, म्हणजे सन्मार्गी, ही लकब. पण लकब नेहमी गौरवाचीच असे, असे नाही. नवव्या शतकात बसरा शहरात एक थोर लेखक होऊन गेला. त्याचे डोळे बाहेर आलेले होते, म्हणून जग त्याला ‘जाहिज’, म्हणजे बटबटीत डोळ्यांचा, याच नावाने ओळखते. त्याचे खरे नाव अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नसते. परस्परांस टोचतील अशा लकबींनी हाक मारू नये, अशी आज्ञा कुराणात घालावी लागली, ती उगाच नव्हे. उर्दूत आजही लकब म्हणजे पदवी, उपाधी. मराठीत मात्र हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि इथे त्याने आपला अर्थ पालटला. आपण ‘बोलण्याची लकब’ म्हणतो, ‘चालण्याची लकब’ म्हणतो. जे बाहेरून चिकटविले जात होते ते मराठीत आतून उमटणारे झाले. राज्यव्यवहारकोश करवून शिवाजी महाराजांनी दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांच्या तोंडी रुळलेले कित्येक शब्द राहिलेच, आणि राहिले तेही आपल्या मनाप्रमाणे बदलून घेऊन. भाषेच्या या स्वातंत्र्याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

जुन्या अर्थाने एक लकब आपल्या अगदी दाराशी आहे. जामसरहून जव्हारला जाणाऱ्या प्रत्येकाने मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिलेला असतो. या घराण्यातील नेमशहा यास दिल्लीच्या बादशहाने ‘राजा’ हा किताब दिला. तो ज्या दिवशी मिळाला तो दिवस, ५ जून १३४३, जव्हार संस्थानाने आपल्या नव्या शकाचा आरंभ मानला, आणि सरकारी कागदांवर हा शक पुढे शतकानुशतके घातला जात असे. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात ही नोंद आहे. एका माणसाला एक विशेषण मिळाले आणि तेथून काळाची मोजणी सुरू झाली. लकब असावी तर अशी.

आता त्याच गॅझेटियरात पुढे-मागे चाळावे. वारली, काथोडी म्हणजे आपले कातकरी, ठाकर, कोळी, महार: एकेका समाजाचे राहणे, खाणे, पिणे, लग्नविधी आणि स्वभाव अशी ओळीने वर्णने आहेत. स्वभावाला दोन-चार वाक्ये पुरली आहेत. राजाच्या किताबाचा दिवस आणि महिना नोंदला गेला, परंतु हजारो माणसांपैकी एकाचीही चालण्या-बोलण्याची खासियत कोणाला नोंदवावीशी वाटली नाही. त्यांना लकब नव्हती. त्यांना फक्त जमातीचा स्वभाव होता. लिहिणारे इंग्रज अधिकारी होते, पण त्यांना माहिती पुरविणारे बहुतेक आपल्याकडील लिहिता-वाचता येणारे उच्चवर्णीय होते, हेही विसरता कामा नये. स्वभाव जन्माने समूहाला मिळतो, ही कल्पना साहेबाने विलायतेहून आणलेली नव्हती. ती येथे तयारच होती. त्याने ती छापली. त्याच काळात, १८७१ साली, संपूर्ण जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला आणि तो स्वातंत्र्यानंतर १९५२ साली संपला. कायदा संपला. ‘शेवटी जातीवर गेलाच’ हे वाक्य मात्र आम्ही आमच्या कानांनी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे, आणि तेही कायदा संपून चाळीस वर्षे लोटल्यावर.

मराठीतील बाकीचे शब्द याच कामाला लावलेले दिसतात. ते खोड म्हणजे झाडाचा बुंधा, आणि ती खोड म्हणजे वाईट सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हणून तिच्याबद्दलची आशाच सोडून द्यावयाची. स्वभावाला औषध नाही, हे तिचेच भावंड. तऱ्हेवाईक हा शब्द थोडा सौम्य, पण तो सहसा बंगल्यात राहणाऱ्या माणसाला लावतात. पैसा आणि प्रतिष्ठा असलेला माणूस विचित्र वागला तर तो तऱ्हेवाईक किंवा लहरी. गरिबाचे पोर तसे वागले तर खोडकर, हट्टी, आडमुठे. बाबासाहेबांची पुस्तकांवरील माया, फाउंटन पेनांची आवड, उतारवयात व्हायोलिन शिकण्याची हौस या गोष्टी आम्ही किती प्रेमाने सांगतो! त्या लकबी सांगितल्याशिवाय ते माणूस म्हणून डोळ्यांपुढे उभे राहात नाहीत, हे आम्हांस कळते. पण जामसरच्या बाजारात रानभाजी घेऊन बसलेल्या बाईची काही लकब असेल, असे मनात येण्यास वेळ लागतो.

विक्षिप्त हा शब्द तर आम्हांस फार दिवस सलत आहे. क्षिप् म्हणजे फेकणे. विक्षिप्त म्हणजे इकडे तिकडे फेकले गेलेले, विखुरलेले. सतिपट्ठान सुत्तात याचेच पालि रूप येते: चित्त विक्खित्त असेल तर ते विक्खित्त आहे, हे साधकाने जाणावे, असे तथागत सांगतात. म्हणजे विक्षिप्तता ही त्या घटकेची अवस्था आहे. ती येते, ओळखता येते, जाते. मराठीत आपण तिचे विशेषण केले आणि माणसावर कायमचे ठोकले. सकाळच्या आनापानाच्या तासाला चाळीस मुलांची चाळीस विखुरलेली चित्ते हळूहळू श्वासावर येताना आम्ही रोज पाहतो, आणि त्याच मुलांच्या कागदावर दुपारी ‘विक्षिप्त’ लिहितो.

लिहितो, असे म्हणताना आम्ही स्वतःला वगळत नाही. फार वर्षांपूर्वी, येथे येण्याअगोदर, दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही नोकरीस असताना एक कातकरी मुलगा वर्गात होता. त्याची उजव्या हाताची बोटे सतत मांडीवर आपटत असत. बोलताना, जेवताना, प्रार्थनेलाही. आम्ही सांगून पाहिले, रागावून पाहिले, एकदा हात बांधून बसावयास लावले. सहामाहीच्या नोंदीत आम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिले: हातांना सतत चाळा, स्वभाव विक्षिप्त. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आणि पुन्हा आला नाही. पुढे त्याच्या पाड्यावर आम्ही गेलो असता त्याच्या आजीकडून कळले, की भट्टीवर विटा मोजण्याचे काम त्याचे असे. मजुरी हजार विटांमागे मिळते. आईबापांना मोजता येत नव्हते आणि मुकादमाचा आकडा नेहमी कमी भरे. म्हणून पोर दिवसभर बोटांनी मोजत असे. दर शेकड्याला एक खडा टाकत असे. वर्गात त्याची बोटे काय मोजत होती, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही. गणिताच्या शिक्षकांनीही विचारले नाही. तो मुलगा आज कोठे आहे, ठाऊक नाही. त्याच्याविषयी जगात जे काही लेखी उरले असेल त्यात आमचे ते दोन शेरे आहेत.

येथे उदान या ग्रंथातील पिलिंदवच्छ थेरांची कथा आठवते. ती आमच्या मुलांना ठाऊक आहे, पण पालकांसाठी थोडक्यात सांगतो. राजगृहात वेळुवनात भगवंतांचा मुक्काम असताना काही भिक्खूंनी तक्रार केली, की पिलिंदवच्छ सर्वांना ‘वसल’ म्हणून हाक मारतात. वसल म्हणजे वृषल, हलक्या जातीचा. संघात, जेथे जात नाही, तेथे ही भाषा! भगवंतांनी त्यांना बोलाविले, विचारले. त्यांनी कबूल केले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंस सांगितले, की याच्यावर रागावू नका. याच्या मनात द्वेष नाही. पाचशे जन्म हा ब्राह्मणकुळात जन्मला, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर फार काळ बसलेला आहे.

पूर्वजन्माचा भाग कोणी कसा घ्यावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा अर्थ आत्म्याच्या भटकंतीपासून सोडवून घेतला आहे, आणि आम्ही त्याच वाटेने जाणारे आहोत. आमच्यापुरते पाचशे जन्म म्हणजे पाचशे पिढ्या. माणूस अर्हत झाला, मनातील द्वेष पुसला गेला, तरी पिढ्यानपिढ्यांच्या उच्चपणाची सवय जिभेवर शिल्लक राहिली. अट्ठकथा या शिल्लक राहण्याला वासना म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा आज भलताच अर्थ झाला आहे; पण मूळ अर्थ आपल्याकडील कोणत्याही आजीला समजेल. चैत्रात मोहाची फुले वेचून आणलेली टोपली रिकामी केली, झटकली, उन्हात ठेवली, तरी पाऊस लागेपर्यंत तिला मोहाचा वास येतोच. टोपलीत फूल एकही नसते.

आमच्या मते या कथेत सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की येथे लकब तपासली जात आहे ती उच्चवर्णीय माणसाची. शतकानुशतके खालच्यांचा स्वभाव वरच्यांनी लिहिला. येथे वरच्याच्या जिभेकडे पाहिले जाते, तिचे कारण शोधले जाते, ते जन्मात नव्हे तर शिकवणुकीत सापडते, आणि तरीही त्याला हाकलून दिले जात नाही. याच ‘वसल’ शब्दावर सुत्तनिपातात एक स्वतंत्र सुत्त आहे. सावत्थीत भारद्वाज ब्राह्मणाने भगवंतांनाच वसल म्हणून दारापासून लांब थांबविले, तेव्हा त्यांनी त्याला विचारले, की वसल कोण, हे तुला ठाऊक आहे काय? आणि मग जन्माने नव्हे तर कर्माने वसल होतो, हे उदाहरणांनी समजावून सांगितले. जात ही मनाची अवस्था आहे, असे १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले, तेव्हा ते या जुन्याच झऱ्याचे पाणी होते, असे आम्ही मानतो.

आता कोणी म्हणेल, की मग माणसामाणसांतील फरक पाहूच नयेत काय? तसे नाही. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत विसुद्धिमग्ग रचला. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी तो ग्रंथ देवनागरीत संपादित करून १९४० साली मुंबईहून प्रसिद्ध केला. त्यात माणसांच्या सहा चर्या सांगितल्या आहेत: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. कोणाची चर्या कोणती, हे त्याच्या चालण्यावरून, उभे राहण्यावरून, जेवण्यावरून, एवढेच नव्हे तर झाडू मारण्यावरून ओळखावे, असे तेथे म्हटले आहे. रागचरित माणूस खराटा नीट धरतो, घाई न करता स्वच्छ आणि सारखे झाडतो. द्वेषचरित खराटा घट्ट आवळून धरतो, दोन्ही बाजूंना माती उडवीत, खरखर आवाज करीत झाडतो. मोहचरिताचा खराटा हातात सैल. तो कचरा इकडचा तिकडे करतो. वसतिगृहाचे आवार सकाळी सहा वाजता झाडले जाते तेव्हा आम्ही व्हरांड्यात उभे राहून हे पडताळून पाहिले आहे, आणि पुष्कळदा ते जुळते!

पण बुद्धघोषांचा मोठेपणा पुढे आहे. ते म्हणतात, द्वेषचरित आणि बुद्धिचरित हे एकमेकांच्या जवळचे. एक नसलेले दोष शोधतो, दुसरा असलेले. मोहचरित आणि वितर्कचरित हेही तसेच शेजारी. म्हणजे ज्या मुलाला आम्ही खेकसणारा, उलट बोलणारा म्हणून बाहेर उभे करतो तो बुद्धीच्या उंबऱ्यावर उभा असू शकतो. आणि ही चर्या ओळखावयाची कशासाठी? त्या साधकाला राहण्यास कोणती जागा मानवेल, ध्यानाचा कोणता विषय पेलेल, हे ठरविण्यासाठी. शेरा मारण्यासाठी नव्हे. त्यावर आणखी एक गोष्ट: ओळखण्याच्या या साऱ्या खुणा मूळ पालि वचनांत किंवा अट्ठकथेत संपूर्णपणे आलेल्या नाहीत, केवळ आचार्यांचे मत म्हणून सांगितल्या आहेत, तेव्हा त्यांना प्रमाण मानू नये, असे तेच बजावतात. एवढा प्रामाणिकपणा आमच्या सेवापुस्तकांतील गोपनीय अहवालांत तरी कोठे आढळतो?

अंगुत्तर निकायात एतदग्ग नावाचा एक वर्ग आहे. एतदग्ग म्हणजे यात हा अग्रगण्य. भगवंतांनी आपल्या शिष्य-शिष्यांना एकेका गुणासाठी अग्रस्थान दिले, त्याची ती यादी. न्हावी कुळातील उपाली विनयात अग्र. दासी असलेली खुज्जुत्तरा बहुश्रुत उपासिकांत अग्र; नावातच तिचे कुबड आले आहे. बुटक्या अंगाचे भद्दिय, ज्यांना ‘लकुंटक’, म्हणजे बुटका, म्हणूनच सारे ओळखीत आणि ज्यांच्या रूपाला भिक्खूसुद्धा तुच्छ लेखीत, ते मधुर स्वरात अग्र. आणि ते पिलिंदवच्छ? तेही यादीत आहेत: देवतांना प्रिय असणाऱ्यांत अग्र. अरबी लकब आणि मराठी लकब, दोन्ही अर्थ येथे एकत्र आलेले आम्हांस दिसतात. माणसाची जी स्वतःची खूण, तीच त्याची पदवी. जगाने लकुंटक म्हटले, पण शास्त्याने नोंद केली ती आवाजाची.

आमच्या प्रगतिपत्रकांत वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदींची तयार पुस्तके बाजारात मिळतात. मार्चअखेरीस हाताशी वेळ नसतो आणि वर्ग मोठा असतो, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे, म्हणून कोणा शिक्षकाला दोष देण्याची आमची इच्छा नाही. परंतु ‘स्वभाव शांत’, ‘चित्र काढतो’, ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक’ ही तीन वाक्ये वारली मुलाला, कोकणा मुलीला आणि बौद्ध वस्तीतून आलेल्या मुलाला सारखीच वाटली जातात, तेव्हा १८८२ चे गॅझेटियर आम्ही पुन्हा लिहीत असतो. फरक एवढाच, की आता लिहिणारे आम्हीच. आमच्या शाळेपुरती आम्ही एक विनंती व्यवस्थापनाकडे केली आहे: प्रत्येक मुलामागे वर्षातून एकदा एक ओळ अशी असावी, की जी दुसऱ्या कोणत्याही मुलाला लागू पडणार नाही. मिळाली नाही तर रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना खोटा शेरा मारीत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. पुढील स्मरणिकेसाठी आपल्या यशाची माहिती पाठवाच, पण त्यासोबत तुमच्या बरोबरच्या एखाद्याची एक लकब कळवा. जो पुढे गेला नाही, ज्याचा फोटो या अंकात येणार नाही, अशाची. भाकऱ्या थापणाऱ्या मावशींची, रात्री कंदील घेऊन फेरी मारणाऱ्या मामांचीही चालेल. नाव घालू नका, लकब पुरे, ओळखणारे ओळखतील.

आमच्या स्वतःच्या बाबतीत हे काम आधीच उरकले आहे. गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या एका मुलाने आमची नक्कल केली. डोक्यावर चष्मा चढवून तो टेबलावर चष्मा शोधत होता, आणि दर वाक्यानंतर ‘याचा इतिहास पाहता’ असे म्हणत होता. असे आपण म्हणतो, याची आम्हांस कल्पना नव्हती. घरी विचारले, तर घरातील सर्वांना पहिल्यापासून ठाऊक होते.